चाकावरची काळी धूळ

मोटारीचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे सांगणारा इंजिनापासून आरंभ करतो. पहिलें इंजिन कोणीं बनविलें, पहिली मोटार कोणत्या रस्त्यानें धांवली, कोणत्या शर्यतींत कोणाची गाडी पुढें आली, या गोष्टी मोठ्या हौसेनें लिहिल्या जातात व तितक्याच हौसेनें वाचल्या जातात. परंतु धांवणारी गाडी थांबवावी कशी, या प्रश्नाशीं ज्यांनीं आयुष्यभर झुंज घेतली त्यांचीं नांवें फारशीं कोणाच्या ओठांवर नसतात. मनुष्याचा स्वभावच असा कीं, गतीचें कौतुक त्याला चटकन् वाटतें. विरामाचें मोल तो संकटाच्या क्षणींच जाणतो. आज मी आपणांस या दुसऱ्या, उपेक्षित इतिहासाबद्दल चार शब्द सांगणार आहें, आणि त्यासाठीं आरंभ करणार आहें एका अगदीं क्षुल्लक वस्तूपासून. ती वस्तु म्हणजे मोटारीच्या चाकावर बसणारी काळी धूळ.

ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांना ही धूळ परिचयाची आहे. गाडी धुतल्यावर थोड्याच दिवसांत पुढच्या चाकांच्या धातूवर करड्या-काळ्या भुकटीचा थर चढतो. रस्त्यावरची माती पाण्यानें सहज निघते. ही भुकटी बोटाला काजळासारखी चिकटते, आणि ओली राहिली तर तांबूस डाग पाडते. बारकाईनें पाहिलें तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. मागच्या चाकांपेक्षां पुढचीं चाकें अधिक काळीं असतात, हें तर नेहमींचेंच. पण कधीं कधीं पुढच्या दोन चाकांपैकींही एक दुसऱ्याहून स्पष्टपणें अधिक माखलेलें दिसतें. गाडी एक, रस्ता एक, चालविणारा एक. मग एकाच चाकावर एवढी काजळी कां? बहुतेक लोक ओल्या फडक्यानें ती पुसून टाकतात व विसरून जातात. वास्तविक तो गाडीनें स्वतःच लिहून ठेवलेला जमाखर्च असतो, आणि तो वाचावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं.

प्रथम ही धूळ येते कोठून तें पाहूं. धांवणाऱ्या गाडीच्या अंगीं जी ऊर्जा असते ती ब्रेक लावल्यानें नाहीशी होत नाहीं. तिचें केवळ रूपांतर होतें. बाराशें किलो वजनाची गाडी ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या ठायीं सुमारें २,४०,००० जूल इतकी ऊर्जा सांठलेली असते. ही सगळी ऊर्जा जर पाण्याला देतां आली तर पाऊण लिटर थंड पाणी उकळीस येईल. म्हणजे घरांतील चारपांच माणसांच्या चहाचें आधण होईल. चौकांत तांबडा दिवा दिसला आणि आपण पायाखालचें पेडल दाबलें, कीं एवढी उष्णता कांहीं सेकंदांत चार चाकांपाशीं उत्पन्न होते. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. ती घर्षणानें निर्माण होते, आणि घर्षण म्हटलें कीं झीज आलीच. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. तिच्या दोन्ही अंगांनीं दोन पॅड चिमट्याप्रमाणें तिच्यावर दाबले जातात. पॅड झिजतात, थोडीशी तबकडीही झिजते, आणि दोहोंचा मिळून जो चुरा पडतो तीच ही काळी धूळ. तिच्यांत तबकडीचें लोखंड असतें, म्हणूनच ती ओलाव्यानें गंजते व तांबूस होते.

पॅड झिजतात ही त्यांची उणीव मानूं नये. ते झिजावे म्हणूनच बनविलेले असतात. आपल्या देवघरांतील सहाण पिढ्यान् पिढ्या टिकते आणि चंदनाचें खोड झिजतें; तसेंच येथें आहे. तबकडी शक्य तितकी टिकावी आणि स्वस्त, सहज बदलतां येणाऱ्या पॅडनें झीज आपल्या अंगावर घ्यावी, अशी ही योजना आहे. ब्रेकचा सारा इतिहास म्हणजे या सहाणेसाठीं योग्य खोड शोधण्याचा इतिहास होय. फरक इतकाच कीं, देवघरांतील सहाणेवरचें गंध देवाला वाहिलें जातें. या सहाणेवरचा चुरा कोणाच्या वांट्यास जातो, हा प्रश्न मात्र जगानें फार उशीरां विचारला.

या शोधाची पहिली प्रसिद्ध कथा एका स्त्रीची आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम शहरांतून बर्था बेंझ ही आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला न सांगतां, त्यानें बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून फोर्त्सहाइम येथें आपल्या माहेरीं निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. मोटारीनें केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून त्याची नोंद झाली आहे. चढावर मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली. उतारावर निराळेंच संकट उभें राहिलें. चाकाला रोधणारे ठोकळे झिजून निकामी होऊं लागले. वाटेंतील एका खेड्यांत या बाईनें चांभाराला गांठलें व त्याच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें. ज्याला पुढें ब्रेकचें अस्तर किंवा लायनिंग म्हणूं लागले, त्याचा उगम या चामड्याच्या तुकड्यांत पाहतात. इंजिनाचा शोध पतीचा. पण तें इंजिन उतारावरून सुखरूप खालीं कसें आणावें याची युक्ति पत्नीची.

दुसरी कथाही चामड्याचीच आहे. इंग्लंडांतील डर्बीशायर हा डोंगराळ परगणा. तेथील उतरणीवरून मालाच्या गाड्या खालीं आणतांना गाडीवान लांकडी ठोकळा आणि चाक यांच्यामध्यें जुना बूट खुपसतात, हें हर्बर्ट फ्रूड नांवाच्या एका गृहस्थानें पाहिलें, अशी आख्यायिका सांगतात. बूट लवकर फाटतो, पण तोंवर पकड चांगली देतो. तेव्हां बुटासारखी पकड देणारें, पण बुटाहून टिकाऊ असें कांहीं बनवितां आलें तर? फ्रूडनें विणलेल्या जाड पट्ट्यांना चिकट द्रव्यांचीं पुटें देऊन प्रयोग आरंभिले, आणि १८९७ सालीं या मालाचा धंदा सुरू केला. आपल्या आडनांवाचीं इंग्रजी अक्षरें उलटसुलट करून आणि त्यांत पत्नी एलिझाबेथ हिच्या नांवाचें आद्याक्षर मिसळून त्यानें आपल्या मालाला ‘फेरोडो’ असें नांव दिलें. जगभरच्या मेकॅनिकांच्या तोंडीं हें नांव पुढें घरच्यासारखें झालें.

घोड्यांच्या गाड्यांना ह्या पट्ट्या पुरेशा होत्या. मोटारीचा वेग वाढूं लागला तशा त्या कमी पडूं लागल्या, कारण कापूस आणि केंस उष्णतेनें करपतात. त्याच सुमारास, १९०२ सालीं, दोन निरनिराळ्या वाटा निघाल्या. फ्रान्समध्यें लुई रेनॉ यानें ड्रमचा ब्रेक पुढें आणला. चाकाबरोबर फिरणारें एक धातूचें पिंप, आणि त्याच्या आंतून बाहेरच्या बाजूस दाबले जाणारे दोन अर्धचंद्राकार ‘शू’, अशी ही रचना पुढें सर्वत्र रूढ झाली. इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यानें त्याच वर्षीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. कल्पना उत्तम होती. परंतु धातूवर धातू घासला जाई, आणि त्यांतून अशी कर्कश किंचाळी निघे कीं, रस्त्यावरच्या लोकांनीं कान झांकून घ्यावे. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांची माती उघड्या तबकडीवर बसे ती वेगळीच. ड्रम मात्र बंद असे. बाहेरची धूळ आंत जात नसे, आणि आंतली धूळ बाहेर येत नसे. श्रोत्यांनीं ही दुसरी गोष्ट लक्षांत ठेवावी. तिच्याकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फ्रूडनें अ‍ॅस्बेस्टॉसचा आश्रय केला. ही वस्तु मोठी चमत्कारिक. असते दगड, पण तिच्यांतून कापसासारखे तंतु निघतात, त्यांचें सूत होतें, सुताचें कापड होतें, आणि तें कापड विस्तवांत जळत नाहीं. पितळी तारांबरोबर विणून व राळेंत भिजवून तिचें अस्तर केलें तर तें तापलें तरी पकड सोडीत नाहीं, ओरडत नाहीं, आणि स्वस्तही पडतें. योग्य खोड सांपडलें असें सर्वांना वाटलें. पुढें सत्तर-ऐंशीं वर्षें जगांतील बहुतेक मोटारी या दगडी सुताच्या भरंवशावर थांबल्या.

अस्तराचा प्रश्न असा सुटला, पण दुसरा उभाच होता. चारी चाकांना सारखें कसें रोधावें? आरंभींच्या मोटारींत पेडलापासून चाकांपर्यंत लोखंडी सळ्या किंवा तारा गेलेल्या असत. एक तार थोडी सैल, दुसरी थोडी ताणलेली, एवढ्यानेंही ब्रेक लावतांच गाडी एका अंगाला झोंकांडी खाई. ह्याच भयानें कित्येक वर्षें पुढच्या चाकांना ब्रेकच लावीत नसत. या अडचणींतून वाट काढली ती माल्कम लॉकहीड या अमेरिकन यंत्रज्ञानें. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम फ्रेंच पंडित पास्कल यानें सतराव्या शतकांत सांगून ठेविला होता. लॉकहीडनें सळ्यांच्या जागीं नळ्या घातल्या आणि त्यांत द्रव भरला. १९२१ सालीं ड्यूझेनबर्ग कंपनीच्या मोटारींत चारी चाकांना असे द्रवाचे ब्रेक बसले. द्रवाला आपपर भाव नाहीं. तो उजव्याला अधिक आणि डाव्याला उणें असें करीत नाहीं.

मग झीजही सर्वत्र सारखी व्हावयास नको काय? येथेंच विषयाची खरी गोडी आहे. दाब सारखा असला तरी परिणाम सारखा होत नाहीं, कारण दाब ज्यांच्यावर पडतो त्यांची स्थिति निरनिराळी असते. ड्रममधील दोन शूंपैकीं एक असा बसलेला असतो कीं, फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून आणखीच घट्ट आवळतो. दुसऱ्याला तोच ड्रम मागें लोटतो. साहजिकच पहिला अधिक काम करतो आणि अधिक झिजतो. त्यांत कोणाचा दोष नाहीं. तो त्या रचनेचा धर्मच होय. तसेंच पुढच्या व मागच्या चाकांचें. एस्. टी. च्या चालकानें करकचून ब्रेक लावला कीं उभे उतारू जसे पुढें झुकतात, तसा सगळ्या गाडीचा भार ब्रेकच्या वेळीं पुढच्या चाकांवर जातो. म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचीं चाकें करतात, आणि तींच अधिक काळीं होतात.

१९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत डनलॉप कंपनीच्या तबकडी-ब्रेकच्या जोरावर जॅग्वार मोटार पहिली आली, आणि लँचेस्टरच्या अर्धशतक जुन्या कल्पनेचें भाग्य उघडलें. प्रतिस्पर्धी गाड्यांचे ड्रम तापून पकड सोडूं लागत. उघड्या तबकडीला वारा लागे व ती लवकर निवे. १९५५ सालच्या सित्रोएनच्या ‘डी. एस्.’ या गाडीनें हा ब्रेक कुटुंबाच्या मोटारींत आणला. बंद पिंप गेलें, उघडी तबकडी आली, आणि जी धूळ आजवर ड्रममध्यें दडून राहत होती ती प्रथमच चाकावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर येऊन बसली.

आतां तो जमाखर्च कसा वाचावा तें सांगतों. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत तबकडीच्या आंतल्या बाजूला एकच पिस्टन असतो. तो आंतला पॅड दाबतो. आणि ज्या चौकटींत तो बसविलेला आहे ती चौकट, म्हणजे कॅलिपर, दोन गुळगुळीत खुंट्यांवरून सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या अंगानें ओढून आणते. या खुंट्यांवरचें ग्रीस वाळलें किंवा त्या गंजल्या, कीं चौकट सरकत नाहीं. मग सारें काम आंतल्या पॅडच्या गळ्यांत पडतें. बाहेरून डोकावून पाहणाऱ्याला बाहेरचा पॅड चांगला जाड दिसतो, आणि त्याच वेळीं आंतला पॅड संपून त्याचा लोखंडी पत्रा तबकडी खरवडीत असतो. पॅड जर पाचरीसारखा एका टोंकाला पातळ व दुसऱ्या टोंकाला जाड झिजला असेल, तर चौकट तिरकी बसली आहे वा पॅड आपल्या खांचेंत अडकला आहे असें समजावें.

याहून सूक्ष्म गोष्ट आहे ती ब्रेक सुटण्याची. ड्रमच्या ब्रेकला शू मागें ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात. तबकडीच्या पिस्टनला तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोंवतीं एक रबराचें कडें असतें. पिस्टन पुढें गेला कीं तें किंचित् पिळतें, आणि दाब सरतांच पूर्ववत् होतांना पिस्टनला केंसभर मागें घेतें. ब्रेकचें सुटणें एवढ्या केंसभर अंतरावर अवलंबून आहे. कडें जुनें झालें, पिस्टनवर गंज चढला, किंवा रबरी नळी आंतून सुजून तिनें परत येणारा द्रव अडविला, तर पाय पेडलावरून निघाला तरी पॅड तबकडीला चिकटून राहतो. तें चाक मग दिवसभर घांसत चालतें, तापतें, पेट्रोल खातें आणि काळें होतें. आपण समजतों कीं ब्रेक धरून धरून झिजतो. प्रत्यक्षांत कित्येक ब्रेक सोडतां न आल्यानें झिजतात. 

परंतु काळें चाक दोषी आणि स्वच्छ चाक निर्दोष, असा निवाडा घाईनें देऊं नये. कधीं कधीं बरोबर उलट असतें. स्वच्छ दिसणाऱ्या चाकाचा पिस्टनच अडकलेला असतो. तें चाक कामच करीत नाहीं, म्हणून स्वच्छ राहतें, आणि त्याच्या वांट्याचा भार जोडीदारावर पडून तो काळवंडतो. अशा वेळीं ब्रेक लावतांच गाडी काम करणाऱ्या चाकाकडे ओढली जाते. पुष्कळ कुटुंबांत आणि कचेऱ्यांतही हा न्याय लागू पडतो, हें मी आपणांस सांगावयास नको. म्हणून दोन चाकांत फरक दिसला तर काळ्या चाकाचे पॅड बदलून स्वस्थ बसूं नये. मेकॅनिककडून दोन्ही बाजू उघडवून खुंट्या, पिस्टन आणि नळ्या तपासून घ्याव्या, व पॅड जोडीनेंच बदलावे.

येथवर झीज कां होते तें पाहिलें. आतां झिजलेलें जातें कोठें, या मघाच्या प्रश्नाकडे वळूं. त्याचें पहिलें उत्तर मिळालें तें रस्त्यावर नाहीं, तर कारखान्यांत. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं नेली कर्शॉ नांवाची एक स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचें सूत कातण्याचें काम करी. १९२४ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, ती फुप्फुसें निकामी होऊन वारली. डॉक्टर कुक यांनीं तिच्या फुप्फुसांत त्या खनिजाचे कण पाहिले व आपलें निरीक्षण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केलें. १९३० सालीं मेरेवेदर आणि प्राइस यांनीं ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. त्यांनीं तपासलेल्या ३६३ कामगारांपैकीं एकचतुर्थांशाहून अधिक लोकांच्या फुप्फुसांवर या धुळीचे व्रण होते. जें सूत अग्नीला दाद देत नाहीं, तें शरीरालाही दाद देत नाहीं. एकदां आंत गेलेला तंतु तेथेंच रुतून बसतो, आणि त्याचें फळ वीस-तीस वर्षांनींही भोगावें लागतें.

१९३१ सालीं ब्रिटननें कारखान्यांसाठीं धुळीचे नियम केले. पण रस्त्याकडेच्या गॅरेजांतील मेकॅनिक त्या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिला. मघां सांगितलेला बंद ड्रम आठवा. वर्षभराची भुकटी त्यांत सांठलेली असे. ड्रम उघडला कीं मेकॅनिक हवेच्या नळीनें एक फुंकर मारी, आणि ती भुकटी त्याच्याच तोंडावर उडे. ब्रेकच्या उष्णतेनें त्यांतील बरेचसे तंतु दुसऱ्या खनिजांत पालटलेले असत हें खरें. तरी सगळेच पालटत नसत. शिवाय नवीं अस्तरें कानशीनें घांसतांना, त्यांना भोंकें पाडतांना जी धूळ उडे ती तर न पालटलेल्या तंतूंचीच असे. हाताखालचा पोऱ्या झाडूनें ती गोळा करी. गाडीचा मालक बाहेर बांकावर वर्तमानपत्र वाचीत बसलेला असे.

ही कथा दूरदेशचीच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. १९९५ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांच्या खटल्यांत निर्णय दिला कीं, कामगाराचें आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. आणि रोग उशीरां प्रकट होतो हें जाणून, कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून निदान ४० वर्षें जपून ठेवण्याचा आदेश दिला. २००५ सालीं मुंबईतील अ‍ॅस्बेस्टॉसच्या एका कारखान्यांतील कामगारांची वैद्यकीय पाहणी प्रसिद्ध झाली. १८१ कामगार तपासले. त्यांपैकीं ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसचा फुप्फुसरोग आढळला. नेली कर्शॉच्या मृत्यूला तेव्हां ८१ वर्षें होऊन गेलीं होतीं. ब्रिटननें या खनिजाच्या वापरावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ सालीं, आणि युरोपीय संघानें २००५ सालीं.

अ‍ॅस्बेस्टॉसची जागा भरून काढण्यासाठीं निरनिराळे धातू, कृत्रिम तंतु व राळा यांचीं मिश्रणें आलीं. त्यांत तांब्याला मोठा मान मिळाला, कारण तांबें उष्णता झटकन् वाहून नेतें. मागील अनुभवानें शहाणें झालेल्या जगानें या वेळीं निदान विचारणा लवकर केली. पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरची ब्रेकची धूळ ओढ्यांत जाते. आणि पाण्यांत विरघळलेलें अत्यल्प तांबेंही सामन जातीच्या माशांचें घ्राणेंद्रिय बधिर करतें, असें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शास्त्रज्ञांना आढळलें. हा मासा समुद्रांतून आपल्या जन्मओढ्याकडे परततो तो वासाच्या आधारानें, आणि शत्रूची चाहूलही त्याला वासानेंच लागते. २०१० सालीं वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या संस्थानांनीं कायदे करून पॅडमधील तांब्यावर मर्यादा घातली. २०२१ पासून शेंकडा ५, आणि २०२५ पासून शेंकडा अर्धा. शहरांतील माणसानें चौकांत पाय दाबावा आणि ओढ्यांतील माशानें वाट चुकावी, असा हा संबंध आहे.

शेवटीं हवेची पाळी आली. मोटारीच्या धुरावर कित्येक वर्षें नियम होत गेले, आणि धुराड्यांतून निघणारे कण जसजसे घटले तसतसा ब्रेकच्या कणांचा वांटा उघडा पडला. चाकावर दिसते ती जाड भुकटी. जी दिसत नाहीं ती सूक्ष्म धूळ हवेंत तरंगते व श्वासाबरोबर आंत जाते. २०२४ सालीं युरोपीय संघानें ‘युरो ७’ नांवाचे नियम मंजूर केले, आणि त्यांत ब्रेकच्या धुळीला प्रथमच मर्यादा घातली. बहुतेक नव्या मोटारींसाठीं ती किलोमीटरमागें ७ मिलिग्रॅम, आणि केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठीं ३ मिलिग्रॅम अशी ठरली. विजेच्या मोटारी वेग कमी करतांना आपली मोटर उलट राबवून पुष्कळशी ऊर्जा परत बॅटरींत भरतात. मघांचें आपलें चहाचें आधण वाया जात नाहीं, आणि पॅडही कमी झिजतात. त्यांचा त्रास निराळाच आहे. वापर कमी झाल्यानें तबकडी गंजते आणि खुंट्या अडकतात. झिजणारें जसें झिजून बिघडतें, तसें न वापरलेलें बसून बिघडतें.

चामड्यापासून कापसापर्यंत, कापसापासून दगडी सुतापर्यंत, तेथून तांब्यापर्यंत आणि पुन्हां नव्या मिश्रणांपर्यंत, असा हा सुमारें एकशेंचाळीस वर्षांचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर शोधकानें एकच प्रश्न मोठ्या बुद्धिमत्तेनें सोडविला: गाडी थांबेल काय? ती थांबली, आणि त्यामुळें असंख्य जीव वांचले, हें ऋण कोणींही नाकारूं नये. परंतु गाडी थांबविण्यासाठीं जें झिजलें तें कोणाच्या फुप्फुसांत, कोणाच्या ओढ्यांत जाऊन पडलें, हा दुसरा प्रश्न प्रत्येक वेळीं मागाहून विचारला गेला, आणि मधल्या विलंबाची किंमत गाडीच्या मालकानें क्वचितच दिली. ती सूत कातणारीनें दिली, गॅरेजांतील पोऱ्यानें दिली.

श्रोतेहो, यांत आपल्या हातीं असलेलें फार थोडें आहे, पण तें अगदींच नगण्य नाहीं. महिन्यांतून एकदां गाडीचीं चारी चाकें शेजारीं शेजारीं निरखून पाहावीं. पुढचीं दोन्ही सारखीं काळीं असतील तर निश्चिंत असावें. एकच काळें असेल, किंवा एकच चकचकीत असेल, तर विलंब न करतां दोन्ही उघडून पाहावीं. उद्यां घाटाच्या उतारावर तोच फरक गाडीला एका अंगाला ओढील. आणि ब्रेक उघडलेला असतां मेकॅनिकानें ती भुकटी फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी, असें त्याला आपण होऊन सांगावें. त्यासाठीं पांच मिनिटें अधिक लागतील. तेवढीं पांच मिनिटें आपण खुशाल थांबावें.